आजारपण आणि उसाची क्रमपाळी

सभासद बंधु-भगिनींनो,

या पानावर आम्ही बेणे, खते, लागणीच्या तारखा यांविषयी लिहितो. आज घरचे लिहितो, पण त्याचा संबंध तोडणीशी आहे.

चार वर्षांपूर्वी एक सभासद गट ऑफिसात आले. मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मूत्रपिंड आई देणार होती. "साहेब, ऊस जरा आधी तोडा. आम्ही दवाखान्यात गेल्यावर फडावर उभं राहायला कोण न्हाई." आम्ही रजिस्टर पुढे केले आणि क्रमपाळी मोडता येत नाही म्हणून सांगितले. ऊस मार्चअखेर गेला, वाळून वजन घटले.

गेल्या हंगामात तीच वेळ आमच्या धाकट्या भावावर आली. मूत्रपिंड त्याच्या पत्नीने दिले. नात्याचे दाखले आणि तपासण्या यांतच कित्येक महिने गेले. ऑपरेशनला नवराबायको एकाच दिवशी आत, पोरं आमच्या घरी. आम्ही दिवसा फडावर, रात्री एस.टी.ने पुण्याला. ऑपरेशन झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. गोळ्या जन्मभर वेळेवर घ्यायच्या. पहिले काही महिने धूळ, गर्दी, सर्दी-खोकला यांपासून जपायचे. फडावरून आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच आम्ही भावाजवळ जात असू.

त्याच्या उसाची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. रजिस्टर आमच्याच हाती होते, पण तारीख हलवली नाही. शेजाऱ्यांनी उभे राहून फड उरकला, रात्रीच्या लायटीला खोडव्याला पाणी पाजले. भेटायला पुष्कळ पाव्हणे आले, पण खरा आधार त्या पाण्याचा झाला.

अवयव देणाऱ्या केंद्र सरकारी नोकराला २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत खास रजा मिळते. शेतकऱ्याला रजा कोण देणार? त्याची रजा म्हणजे शेजाऱ्याची सावड आणि कारखान्याचा नियम.

म्हणून आमचे म्हणणे असे, की येत्या वार्षिक सभेत ठराव व्हावा. ज्या घरात अवयव देणारा वा घेणारा असेल, त्याने दवाखान्याचा दाखला दिल्यास तोडणी पुढेमागे करून मिळावी. आधी तोडल्यास उतारा थोडा कमी पडेल, तो सोसावा. उद्या जो तो दाखला आणील, असे कोणी म्हणतील. त्यासाठी अशी नावे गट ऑफिसच्या फळ्यावर लावावीत, म्हणजे वशिल्याची शंका राहणार नाही.

त्या सभासदांना आम्ही नियम दाखवला, तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. तो पुरा करणे आपल्या हाती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी