प्रवेश आणि पेरणी एकाच महिन्यात



कर्जत-खोपोलीच्या मुलींना रेल्वे पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास फुकट देते, मुलांना बारावीपर्यंत. कल्याणचे कॉलेज लोकलच्या टप्प्यात येते. वाडीवरून स्टेशन गाठण्याचा प्रश्न मात्र उरतोच.

आपल्या कपाशी-ज्वारीच्या गावांना लोकल नाही. पोराला शहरात खोलीच करावी लागते. फी आणि बियाणे दोन्ही जूनमध्ये, कापसाचा पैसा दिवाळीला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या अल्पभूधारकाच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण भत्ता मागाहून येतो, घरमालक आधी मागतो.

म्हणून मे महिन्यातच तहसीलमधून उत्पन्नाचा व अल्पभूधारकाचा दाखला काढा. भत्ता प्रवेशाबरोबरच द्या, ही मागणी बैठकीत लावून धरा. घामाला दाम मिळाला असता तर भत्ता मागावा लागला नसता. पण तोवर पोराचे वर्ष थांबत नाही.