मध्ये कुणी नसताना

लंडनमध्ये घरात एकच प्रौढ माणूस राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते. घटस्फोटानंतर हॅरोमधल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा सगळ्यात आधी मी तो अर्ज भरला. या पत्त्यावर तुम्ही एकट्या कधीपासून राहता, हा त्यातला मुख्य प्रश्न. का राहता, नवरा कुठे असतो, घरचे काय म्हणतात, यातलं काहीच नाही. तारीख लिहिली की काम झालं. त्या काळात मला याचा फार आधार वाटला. सांगलीत आईला ही गोष्ट शेजारच्या काकूंना सांगायला कितीतरी महिने लागले होते. इथे सरकारदरबारी मी एकटी आहे ही नुसती नोंद होती, आणि नोंदीला लाज नसते.

कुणी काही विचारत नाही, हे इथलं मोठं सुख आहे. एकट्या माणसाची मोठी अडचणही त्यातच आहे, हे मला नंतर उमगलं. आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

पण त्याआधी कायद्याचं थोडं सांगते, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना ते वेळेवर कळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोट मागताना कुणावर दोष ठेवावा लागत नाही. संसार मोडला आहे एवढं निवेदन पुरतं. अर्ज दाखल झाल्यावर २० आठवडे थांबायचं, मग सशर्त आदेश मागता येतो, आणि तो मिळाल्यावर सहा आठवडे व एक दिवस गेला की अंतिम आदेश मागता येतो. सगळं घरबसल्या, संगणकावर. आपलं लग्न मात्र सांगलीत, हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असतं. आणि संसार कायमचा मोडला आहे, एवढंच कारण त्या कायद्याला पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात स्पष्ट केलं की, परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात धरायचा तर तो ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातल्या कारणावर दिलेला हवा, नाहीतर दुसऱ्या बाजूने आपणहून कोर्टापुढे येऊन त्याला संमती दिलेली हवी. आम्ही दोघांनी म्हणूनच भारतातही परस्परसंमतीचा अर्ज केला. मधल्या काळात मी लंडनमध्ये घटस्फोटित होते आणि सांगलीत माझं लग्न अजून शाबूत होतं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर अवलंबून असलेल्यांची अवस्था याहून बिकट. नातं संपलं की गृहखात्याला कळवावं लागतं, आणि व्हिसा बहुधा ६० दिवसांवर आणला जातो. मोडलेल्या मनाला दोन महिन्यांत नवीन व्हिसाची वाट शोधायला लावणारा हा नियम मला क्रूर वाटतो.

कागद संपले की संध्याकाळ सुरू होते. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे मी ऑफिसातून सातला घरी येते तेव्हा सांगलीत साडेबारा वाजलेले असतात. आई झोपलेली, बहीण झोपलेली, शाळेपासूनच्या मैत्रिणी झोपलेल्या. दिवसभरातलं काही सांगावंसं वाटण्याची जी वेळ, नेमकी त्याच वेळी आपलं सगळं माणूसबळ अंथरुणात असतं. लग्न टिकून होतं तेव्हा हे जाणवलं नव्हतं, कारण भांडायला का होईना, समोर कुणीतरी जागं असायचं.

मग इथल्या मराठी माणसांत जावं म्हटलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, आणि गणपतीत तिथे गेलं की जीव निवतो हे मी मनापासून सांगते. तिथल्या कुणी मला कधी वावगं विचारलं नाही. पण परदेशातली आपली मैत्री जोडप्याजोडप्यांची असते. शनिवारच्या जेवणाला चार घरं बोलावली जातात, घरागणिक एकेक पदार्थ वाटून दिला जातो, आणि घर दुभंगलं की दोघांपैकी नेमकं कुणाला बोलवायचं हा यजमानांपुढे खराच पेच असतो. बहुतेकजण तो कुणालाच न बोलावून सोडवतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्या माणसांनी माझ्या डोहाळजेवणाला ओटी भरली होती त्यांच्याकडच्या दिवाळीचे फोटो फोनवर बघणं जड जातं. ते मूल राहिलं नाही, तेव्हाही हीच माणसं डबे घेऊन दारात उभी होती.

अशा एका हिवाळ्यानंतर मी डेटिंग ॲपवर नाव घातलं.

आमच्या वेळी मामाने स्थळ आणलं होतं. पगार, घर, पत्रिका, थोरल्या जावेचा स्वभाव, सगळ्याची चौकशी दहा जणांनी केली. मला काय हवं हे कुणी विचारलंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. विचारलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत कुणी ना कुणी माझ्या वतीने उत्तर दिलेलं असायचं, आणि खरं तर मला ते बरंच वाटायचं. इथे ॲपवर पहिल्याच पानावर विचारतात: तुम्हाला काय हवं आहे? आयुष्याचा जोडीदार, दीर्घकाळचं नातं, थोड्या दिवसांची सोबत, की अजून ठरलेलं नाही? मुलं हवीत का? दारू पिता का? धर्म मानता का? चाळिशीला टेकलेली, नोकरीत तीसेक माणसांचं काम बघणारी मी त्या पानापुढे कितीतरी वेळ बसून होते. परीक्षेला बसल्यासारखं नव्हतं ते. परीक्षेत उत्तर कुठेतरी छापलेलं असतं.

पहिल्या भेटी कुठे ठेवायच्या ते शहराने शिकवलं. थेम्सच्या दक्षिण काठाने वॉटर्लू पुलाखालच्या जुन्या पुस्तकांच्या टेबलांपासून टॉवर ब्रिजपर्यंत चालत जावं. उजेड असतो, माणसं असतात, आणि नको वाटलं तर दर थोड्या अंतरावर एखादं स्टेशन असतं. नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते, प्रवेश फुकट, आणि बोलणं खुंटलं की समोर चित्र असतं. बिल अर्धं अर्धं करायची सवय मला लगेच जडली, आणि आवडलीही. कुणाच्या उपकाराखाली न येता माणूस न्याहाळता येतो.

त्यापुढचं मात्र अवघड होतं. इथे चार-सहा भेटी झाल्या म्हणजे आपण दोघं फक्त एकमेकांनाच भेटतोय, असं आपोआप ठरत नाही. ते विचारावं लागतं, तोंडाने बोलावं लागतं. शरीराच्या जवळिकीचा प्रश्नही लग्नाच्या किंवा प्रेमाच्याही आधी समोर येऊ शकतो, आणि तेव्हा हो, नको, अजून नाही, यातलं आपलं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. मी बारा वर्षं विवाहित होते आणि हे तीन शब्द स्पष्टपणे, न घाबरता उच्चारायला मी लग्न मोडल्यावर शिकले. हे लिहिताना संकोच वाटतो. तरी लिहिते, कारण माझ्यासारख्या अनेकजणी परदेशात एकट्याने हे शिकतायत आणि सगळ्यांना वाटतं की आपणच मागे राहिलोय.

एक वेल्सकडचा शिक्षक भेटला होता. शांत, नीट ऐकणारा. वसंतभर आम्ही भेटलो. मग त्याचे मेसेज विरळ झाले आणि एका आठवड्यात बंद झाले. भांडण नाही, निरोप नाही. मला त्या दिवसांत मामाची फार आठवण आली. आपल्याकडे नकारसुद्धा कुणीतरी उचलून आणतं. 'पत्रिका जुळत नाही म्हणाले' असं मध्यस्थ सांगतो, खरं कारण काहीही असो, दोन्ही घरं एकमेकांना तोंड दाखवू शकतात आणि मुलीला एवढं तरी कळतं की विषय संपला. आता मला वाटतं, पत्रिका हे नकाराचं सगळ्यात दयाळू कारण होतं. त्या पद्धतीत जातीची भिंत होती, हुंडा होता, मुलीची वस्तूसारखी पाहणी होती, आणि त्यातलं काहीही मला परत नको आहे. पण मधली माणसं गेली तशी साक्षही गेली. तो शिक्षक माझ्या आयुष्यात आला होता हेच कुणाला माहीत नव्हतं. मग तो गेला हे मी कुणाला सांगणार?

एकटं राहून परदेशात डेटिंग करताना आपल्याला अवघड जातं ते संस्कृतीमुळे, असं सगळे म्हणतात. पब, त्यांचे विनोद, आपले उच्चार. मला ते पटत नाही. पब महिनाभरात अंगवळणी पडतो. अवघड आहे ते साक्षीदारांशिवाय जगणं.

हे इथल्या लोकांनाही कधीतरी कळलेलं आहे. १९८६ च्या जुलैमध्ये सूझी लॅम्प्लू ही घरांच्या व्यवहारात काम करणारी तरुणी फुलहॅममध्ये एका गिऱ्हाइकाला घर दाखवायला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने ट्रस्ट काढला, आणि कुठे जातोय, कुणाला भेटतोय, कधी परतणार, हे एका तरी माणसाला सांगून जावं, ही गोष्ट तो ट्रस्ट आजवर सांगत आलाय. २०१६ मध्ये लिंकनशायरमधून आणखी एक पद्धत सुरू झाली. डेटवर असताना असुरक्षित वाटलं तर बारवर जाऊन 'अँजेला आहे का?' असं विचारायचं. तिथल्या माणसांनी ते ओळखायचं आणि आपल्याला बाजूला घ्यायचं, टॅक्सी बोलवायची, गरज पडली तर पोलिसांना कळवायचं. लंडनमधल्या अनेक पबच्या स्वच्छतागृहात त्याची पत्रकं दिसतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अनोळखी शहराने आपल्यासाठी एक मधलं माणूस ठेवलं होतं.

पुरुषांचं काय? माझा एक कोल्हापूरचा मित्र स्लाउला राहतो, त्याचंही लग्न मोडलं. त्याच्या सुरक्षिततेची काळजी कुणी करत नाही हे समजू शकतं, पण त्याच्या मनाचीही कुणी करत नाही. त्याच्या आईने दोन वर्षांत एकदाही 'तू कसा आहेस' असं विचारलं नाही, 'दुसरं कधी करतोस' एवढंच विचारलं. आपल्या मुलग्यांना आपण दुःख बोलायला शिकवलेलं नाही. इथे ॲपवर त्याला पहिल्याच भेटीत 'तुझं लग्न का मोडलं' असं विचारतात, आणि चांगलं बोलता येणारा तो माणूस गप्प होतो.

अशा वेळी मला रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी नांदायला जाणार नाही म्हणून ठाम राहिलेल्या, आणि मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, असा आदेश दिला तेव्हा तुरुंग पत्करीन म्हणणाऱ्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. १८८९ मध्ये त्या याच शहरात आल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. हिंदू कायद्यात तेव्हा घटस्फोटच नव्हता. म्हणजे नवऱ्याबरोबर एक दिवसही संसार न केलेली ती बाई इथे एकटी राहत होती आणि तिकडे विवाहित होती. माझी ती मधली अवस्था काही महिन्यांची, त्यांची वर्षानुवर्षांची. त्या धीराच्या होत्या यात शंका नाही. पण त्यांच्यामागे माणसं होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पेची, लंडनमध्ये घर उघडं ठेवणारं मॅकलॅरन दांपत्य. एकटी बाई म्हणून आपण त्यांची आरती करतो तेव्हा ही माणसं आपण विसरतो.

मी माझी मधली माणसं जमवायला लागले आहे. खालच्या मजल्यावरची जाफन्याची अक्का, ऑफिसातली एक घानाची मैत्रीण, आणि नाशिकची एक वर्गमैत्रीण जी सिंगापूरला असल्यामुळे माझ्या झोपेच्या वेळी उठलेली असते. कुणालाही भेटायला जायच्या आधी त्यांना जागा, वेळ आणि त्या माणसाचं नाव कळवते. नंतर कसं झालं तेही सांगते, चांगलं आणि वाईट दोन्ही. नको असलेल्या माणसाला मी स्वतः स्पष्ट निरोप लिहिते, दोन ओळींचा, मायेने. तो निरोप मला मिळाला नव्हता, म्हणून मी तो कुणाचा चुकवत नाही.

आईला सांगायचं राहिलं होतं. गेल्या शनिवारी, इथे सकाळचे आठ आणि तिकडे तिचं जेवण उरकल्यावर, सांगून टाकलं. म्हटलं, आई, एकाला भेटते आहे अधूनमधून. लीड्सचा आहे, रेल्वेत इंजिनिअर, त्याचंही एक लग्न होऊन गेलंय. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईवडील कुठं असतात गं त्याचे?"

म्हटलं, विचारलं नाही अजून.

"मग विचार की," आई म्हणाली. "आणि पुढच्या शनिवारी मला सांग."