‘नॉट’ जरा जपून

नर्सिंगच्या मुलांना प्रकल्प मिळाला की ‘गडचिरोलीतल्या मुलांमध्ये सिकलसेल किती?’ असं अख्खं वाक्यच सर्चमध्ये टाकतात. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर ते फोडा: आजार, वयोगट, ठिकाण; समानार्थी शब्द ‘ऑर’ने कंसात, गट ‘अँड’ने जोडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 1960 पासूनची ‘मेश’ ही विषयसूची आधी चाळा, निम्मं काम तिथंच होतं. ‘नॉट’ मात्र घातकी. ‘नॉट अ‍ॅडल्ट्स’ लिहिलंत की मुलं आणि मोठी माणसं, दोघांवरचे निबंधही गळाले! वयाचा फिल्टरही साधा नाही. मेशची लेबलं न लागलेले ताजे निबंध तो बेधडक वगळतो. म्हणून फिल्टरशिवायही एकदा शोधा, आणि गाईडकडे जाताना वापरलेले शब्द तारखेसकट वहीत लिहून न्या.