करणी कोणी केली?

मंडळी, आमच्या क्षेत्रात एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय. "आज आणखी एक दिवस वर्गसमीकरण न सोडवता गेला." आधी ईमेलमधून फॉरवर्ड व्हायचा, आता व्हॉट्सॅपवर येतो. येतो तेव्हा लोक हसतात, अंगठे देतात, आणि ज्यांना दहावीला गणितात पंच्याण्णवच्या वर होते ते सर्वांत जास्त हसतात. मला हा विनोद मनापासून आवडत नाही. का ते सांगतो. थोडं लांबेल, पण रविवार आहे, चहा घ्या.

पहिली गोष्ट, हा विनोद करणाऱ्याचं काहीच जात नाही. त्याने सूत्र पाठ केलं, मार्क घेतले, इंजिनियरिंगला गेला, नोकरीला लागला आणि आता मागे वळून म्हणतो की शिडी फालतू होती. शिडीच्या खाली जे उभे आहेत त्यांना विचारा.

हा वाद नुसता आपल्या कॅन्टीनमधला नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये शिक्षकांच्या एका संघटनेतून सूर निघाला की बहुतेक मुलांना वर्गसमीकरणं शिकवायची गरजच काय. त्यावर टोनी मॅकवॉल्टर नावाच्या खासदाराने थेट हाउस ऑफ कॉमन्समध्ये वर्गसमीकरणांवर चर्चा घडवून आणली. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक सूचना गाजली: दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पोराला पुढे जाऊ द्यायचं, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल की याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. हेतू चांगलाच असेल. नापास होऊन शाळा सुटण्यापेक्षा हे बरं, हेही मान्य. पण शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? तुमच्या-माझ्या पोरांच्या? डोंबल! त्यांना क्लास आहेत, घरी इंजिनियर बाप आहे.

मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी कफ परेडच्या मच्छीमार नगरात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जातो. समाजसेवा वगैरे समजू नका, मला आवडतं म्हणून जातो. एका बाजूला होड्या आणि वाळत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूला कफ परेडचे टॉवर. तिथून थोड्याच अंतरावर नेव्ही नगरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४५ साली स्थापन झालेली ही संस्था गणितासाठी जगभर ओळखली जाते, दामोदर कोसंबींसारखा माणूस तिथे गणित करत होता. आणि इथल्या मुलांना वर्गमूळ या प्रकाराबद्दल काय माहीत असतं? की √४० असं लिहिलं तर अर्धा मार्क जातो, २√१० लिहिलं तर मिळतो. का? "साधं रूप द्यायचं असतं, दादा." साधं म्हणजे काय, ते कोणी सांगितलेलं नाही.

या वर्गमुळांना आपल्या पुस्तकात "करणी" म्हणतात. पोरांना करणी म्हटलं की लिंबू-मिरची आठवते, आणि त्यांचं चूक नाही. ज्या पद्धतीने ती शिकवली जाते तो प्रकार जादूटोण्याचाच आहे. मंत्र म्हणा, अंगारा लावा, उत्तर येईल.

खरं तर हा शब्द फार सुंदर आहे. शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञाच्या वेदी दोरीने आखायचे. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जी रेषा "करते" ती द्विकरणी, म्हणजे आपला √२. बौधायनाने त्याची किंमत दिली आहे, अपूर्णांकात मांडली तर ५७७/४०८. तपासून बघा: ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त एकाचा! तर करणी म्हणजे "करणारी". हे सांगायला दोन मिनिटं लागतात. नववीच्या किती वर्गांत सांगितलं जात असेल? मला भेटलेल्या एकाही मुलाने ऐकलेलं नव्हतं.

आता साध्या रूपाकडे येऊ. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात प्रोंग्सचं दीपगृह आहे, १८७५ सालचं, उंची सुमारे ४० मीटर. त्याचा दिवा होडीतून किती लांबून दिसेल? पृथ्वी गोल आहे, त्यामुळे कुठेतरी तो क्षितिजाखाली जाणारच. पायथागोरस लावा: पृथ्वीची त्रिज्या अधिक उंची हा कर्ण, त्रिज्या ही एक बाजू, दिसणारं अंतर ही दुसरी. उंचीचा वर्ग त्रिज्येपुढे इतका किरकोळ की सोडून द्या. उरतं ते असं: अंतर = √(२ × त्रिज्या × उंची). त्रिज्या ६,३७० किलोमीटर, उंची मीटरमध्ये धरली तर अंतर किलोमीटरमध्ये √(१२.७४ × उंची). आता १२.७४ चं मूळ एकदाच बाहेर काढा. अंतर = ३.५७ × √उंची. संपलं. पृथ्वी मुळाच्या बाहेर आली, आत फक्त तुमची उंची राहिली.

याला म्हणतात साधं रूप! आणि √४० म्हणजे २√१० लिहिल्यावर काय दिसतं? की ४० मीटरवरून जेवढं लांब दिसतं ते १० मीटरवरून दिसणाऱ्याच्या बरोब्बर दुप्पट आहे. दुप्पट लांब बघायचं तर चौपट उंच चढावं लागतं. १० मीटरला ११.३ किलोमीटर, ४० ला २२.६. होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून चारेक मीटर वर असतील तर त्याचे ७.१ मिळवा, साधारण ३० किलोमीटर झाले. धुकं नसेल तर. कॅल्क्युलेटर तुम्हाला ६.३२४५ देईल, पण त्या आकड्यात ही दुप्पट-चौपट कुठेच दिसत नाही. तसंच √८ + √१८. कॅल्क्युलेटरवर ७.०७१ काहीतरी. साधं रूप दिलं तर २√२ + ३√२ = ५√२, म्हणजे √५०. हे दोघे एकाच घरातले आहेत हे कळणं हाच मुद्दा आहे. अर्धा मार्क नाही.

पुढचा गुन्हा वर्गसमीकरणांवर झालाय. पुस्तकी उदाहरणांत नावेचं गणित हटकून असतं, आणि उत्तर हटकून ६ किंवा ४ येतं. मी एकदा मुद्दाम असं घातलं: स्थिर पाण्यात होडीचा वेग ताशी १० किलोमीटर. प्रवाहाविरुद्ध २० किलोमीटर गेली, तेवढीच परत आली, एकूण ५ तास लागले. प्रवाहाचा वेग काढा. मांडणी केली की ४०० ÷ (१०० − क्ष²) = ५, म्हणून क्ष² = २०, म्हणून क्ष = ±२√५, म्हणजे सुमारे ताशी साडेचार किलोमीटर.

एका मुलीने वही बाजूला ठेवून विचारलं, "दादा, उधाण की भांग?" दुसरा म्हणाला, "आणि पाच तास पाणी एकसारखं ओढत नसतं काय." मंडळी, याला म्हणतात मॉडेलवरचा आक्षेप. आमच्याकडे रिव्ह्यू मीटिंगमध्ये असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला सीनियर करतात. या मुलांना गणित येत नाही असा शेरा मारायचाय आपल्याला?

आणि ते −२√५? तिथे सगळ्यांनी पाठ केलेली ओळ लिहिली: "परंतु वेग ऋण नसतो, म्हणून अमान्य." का नसतो? ऋण म्हणजे प्रवाह उलट दिशेला. जाताना सोबत, येताना विरोधात. एकूण वेळ तेवढाच, ५ तास. समीकरण सांगतंय की नुसत्या एकूण वेळेवरून प्रवाह कुठल्या दिशेला होता ते कळत नाही. खाडीत होडी घालणाऱ्याच्या पोराला ही माहिती फालतू वाटेल? आपण मात्र ती खोडायला शिकवतो.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणित लिहिलं. त्यात माकडांची दोन गणितं आहेत. एकात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतोय आणि १२ टेकडीवर आहेत. उत्तरं १६ आणि ४८, दोन्ही त्यांनी मान्य केली. दुसऱ्यात कळपाचा पाचवा भाग उणे तीन, त्याचा वर्ग गुहेत गेला, एक बाहेर राहिलं. उत्तरं ५० आणि ५. इथे ५ त्यांनी सोडलं, कारण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की माकडं ऋण होतात. म्हणजे दर वेळी त्या माणसाने उत्तर परत गोष्टीत नेऊन पाहिलं, मग ठरवलं. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ होता, त्याचा १२०७ चा शिलालेख आपल्या डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. त्या परंपरेचे आपण वारस, आणि आपण काय शिकवतो? "ऋण आलं की काट मार."

सूत्राचंही तेच. "उणे ब अधिक-उणे वर्गमूळात..." हे सगळ्यांना पाठ. त्यातला ४ कुठून आला, विचारा. श्रीधराचार्यांची युक्ती भास्कराचार्यांनीच नोंदवून ठेवली आहे: अक्ष² + बक्ष + क = ० ला ४अ ने गुणा, दोन्ही बाजूंना ब² मिळवा. (२अक्ष + ब)² = ब² − ४अक. मूळ घ्या, झालं. ४ घेतला कारण त्याने अपूर्णांक येत नाहीत आणि डावीकडे नीट पूर्ण वर्ग बसतो. एवढी एक ओळ कळली की सूत्र विसरलं तरी हरकत नाही, मागच्या पानावर परत काढता येतं.

आता "आयुष्यात कुठे लागलं" म्हणणाऱ्या माझ्या बांधवांसाठी. क्ष² − १०,००,००,००० क्ष + १ = ० हे समीकरण जावा किंवा पायथनमध्ये, डबल वापरून, शाळेच्या सूत्राने सोडवा. लहान मूळ जवळजवळ ०.०००००००१ यायला हवं. येतं ०.००००००००७४५. पाव हिस्सा गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या की मागचे आकडे उडतात. इलाज काय? मोठं मूळ सूत्राने काढा आणि लहान मूळ "मुळांचा गुणाकार = क/अ" यावरून. किंवा अनुबद्ध जोडीने गुणा. पहिला दहावीचा धडा, दुसरा नववीचा. कॅल्क्युलेटर आहे, आता एआय आहे, मग हे कशाला, असं म्हणणाऱ्याला हे चुकीचं उत्तर दिसणार कसं?

काही जण म्हणतील, वर्गात साठ मुलं, पोर्शन संपवायचा, शिक्षकांना निवडणुकीच्या ड्युट्या, गोष्टी सांगायला वेळ कुठून आणायचा? हे खरं आहे आणि माझा राग शिक्षकांवर नाहीच. पण हिशोब करा. न समजलेलं सूत्र प्रत्येक परीक्षेआधी नव्याने पाठ करावं लागतं. समजलेलं एकदाच. वेळ वाचवायच्या नावाखाली आपण तीच वसुली दरवर्षी करतो, आणि ज्यांना घरी कोणी समजावणारं नाही त्यांच्याकडून सर्वांत जास्त करतो. मग शेवटी म्हणतो, यांना गणित झेपत नाही, वीस मार्कांवर सोडून द्या.

असो. विनोद पुढे पाठवायचा तर पाठवा. पण घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या ताईंकडे दहावीचं पोर असेल तर या आठवड्यात एक करा. त्याचं वर्गसमीकरण सुटलं की "उत्तर किती आलं" विचारू नका. "दुसरं उत्तर का सोडलंस?" एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.