बंदुकीचा बाजार आणि आमचे कारागीर

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भात पिवळे पडू लागले की एक जुना विषय पुन्हा निघतो. रानडुकरांनी एका रात्रीत बांधाकडची खाचरे लोळवलेली असतात. शेतकरी सकाळी डोक्याला हात लावून बसतो आणि मग माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली काढायची गोष्ट सुरू होते. बंदूक असते, पण तिचा घोडा बसत नाही. घोडा बसला तर टोपी मिळत नाही. टोपी मिळाली तर दारूचा पत्ता नसतो. हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे असे समजून आमचे दुकानदार आणि कारागीर बांधव त्याकडे दुर्लक्ष करतात. तसे करणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे. याचे कारण पुढे येईलच.

प्रथम या बाजाराची रीत समजून घेतली पाहिजे. धान्य, कापड, लोखंड यांचा भाव मागणी आणि पुरवठ्यावर ठरतो. बंदुकीच्या धंद्यात या दोघांच्या मध्ये सरकारचा परवाना उभा असतो. माल विकणारा परवानाधारक हवा, घेणारा परवानाधारक हवा आणि प्रत्येक खरेदीची नोंद व्हायला हवी. त्यामुळे या मालाचे भाव पावसापाण्यापेक्षा कायद्याच्या दुरुस्तीने अधिक हलतात.

गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. तेव्हापासून देशात आधीच आलेल्या विलायती बंदुका आणि रिव्हॉल्वर यांना सोन्याचा भाव आला. मालाची प्रत वाढली म्हणून हा भाव आला नाही, नवा माल येणे थांबले म्हणून आला. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्वर काढले. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा रिव्हॉल्वर आणि पिस्तूल हे चाळीस टक्क्यांच्या गटात गेले. म्हणजे ही वस्तू सरकारनेच चैनीच्या रांगेत बसवली आहे.

दुसऱ्या बाजूला साध्या बारा बोअरच्या एकनळी-दुनळीचे उलटे झाले. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका परवानाधारकाने जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगाव्यात असे ठरले. आधी ही मर्यादा तीनची होती. तिसरी बंदूक वर्षभरात जमा करावी किंवा विकावी असा नियम आला. विकणाऱ्याला मुदत आहे आणि घेणाऱ्याला परवाना मिळत नाही, अशा बाजारात भाव कोणाच्या बाजूने जाईल हे व्यापाऱ्याला सांगायची गरज नाही. वाडवडिलांनी जपलेली चांगली बंदूक कवडीमोलाने देण्याची पाळी येते ती अशी.

आता काडतुसाकडे वळू. बंदूक एकदा घेतली की पिढ्यान् पिढ्या चालते, काडतूस मात्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. आपल्या शेजारी पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तरीही काडतुसासाठी शेतकऱ्याला मोठ्या शहरातील परवानाधारक दुकानाची वाट धरावी लागते, आणि दुकानात माल असेल तर ठीक, नाहीतर भाड्याचे पैसे अंगावर पडतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आली. २०२४ मध्ये कानपूरला खासगी उद्योगाचा मोठा काडतूस कारखानाही सुरू झाला. पण या सर्वांचे पहिले गिऱ्हाईक लष्कर आणि पोलीस आहेत. पाच-दहा काडतुसे मागणारा शेतकरी त्यांच्या वहीत शेवटच्या ओळीतही नसतो.

जगातील घडामोडींची झळही येथे लागते. २०२० साली महामारीच्या भीतीने अमेरिकेत बंदूक खरेदीसाठी होणाऱ्या सरकारी पडताळण्या जवळपास चार कोटींवर गेल्या आणि तेथील दुकानांतून काडतुसे नाहीशी झाली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपात काडतुसाच्या दारूला लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची ओढाताण झाली. ही दारू कापसाच्या तंतूपासून होते. युद्ध पेटले की कारखाने तोफांकडे वळतात आणि किरकोळ गिऱ्हाइकाला ‘नंतर या’ असे सांगितले जाते. देश कोणताही असो, ही रीत एकच.

आमच्या दोन तालुक्यांतील गरीब शेतकऱ्याकडे बारा बोअर नसून ठासणीची असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेच पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला वेगळे स्थान दिले आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, अशीही तरतूद त्यात आहे. पण कायद्यात जागा असणे वेगळे आणि बाजारात माल असणे वेगळे. दारू, टोपी, छर्रे या तीन किरकोळ वस्तू. त्यांच्यात नफा कमी आणि कागद जास्त, म्हणून त्या ठेवायला दुकानदार राजी नसतो.

त्यात निवडणुकांची भर पडते. २०२४ सालचे उदाहरण घ्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. ज्या वर्षी राजनाल्याला भिवपुरी वीजगृहाचे पाणी सुटते, त्या वर्षी कर्जतकडचे उन्हाळी भात नेमके याच दिवसांत तयार होते. पुढे विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागले. हाच पावसाळी भाताच्या कापणीचा हंगाम. ज्याला बंदूक जमा करण्याची नोटीस येते त्याची बंदूक पिकाच्या दोन्ही मोक्याच्या वेळी पोलीस ठाण्यात असते. शांततेसाठी शस्त्रे जमा करण्यास आमचा विरोध नाही. परंतु सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करावीत असा नियम नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करायचा असतो. सातबारा, पीक पाहणी आणि नुकसानीचा पंचनामा जोडून शेतकऱ्याने वेळेत अर्ज केला तर त्याचे म्हणणे ऐकले जाऊ शकते. अर्ज लिहून देणारे कोणी नाही, ही खरी अडचण आहे. आमच्या शिकलेल्या तरुणांनी एवढे काम तरी अंगावर घ्यावे.

आता कारागीर बांधवांना सांगायची मुख्य गोष्ट. खोपोलीला आमच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. हात सफाईदार, माणूस सरळ. मागील हंगामात शेजारच्या गावचा एक जण ठासणीची बंदूक घेऊन त्यांच्याकडे आला. “चाचा, घोड्याचा खिळा तेवढा करून द्या, परवाना आहे माझ्याकडे,” म्हणाला. काम दहा मिनिटांचे, मजुरी चहापाण्याची. त्यांनी नाही म्हटले, आणि गावात चार दिवस त्यांच्या नावाने बोलणे झाले.

त्यांनी केले ते बरोबर केले. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनविणे आणि विकणे याबरोबर दुरुस्त करणे यालाही परवाना लागतो. मालकाकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे म्हणून तुम्हाला ती दुरुस्त करण्याचा अधिकार मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप एवढी शिक्षा आहे. शेजारधर्म म्हणून ठोकलेला एक खिळा साऱ्या घराला उद्ध्वस्त करू शकतो. वेल्डिंगवाले, लोहार, फिटर, लेथवाले या सर्वांनी ही गोष्ट दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. नळी, घोडा किंवा चाप घेऊन आलेल्या माणसाला, तो कितीही जवळचा असो, हात जोडून परत पाठवावे. गावठी कट्ट्याच्या कामाचा तर विचारही मनात आणू नये. ती कमाई हलाल नाही आणि सुखाचीही नाही.

दुकानदारांनाही एक शब्द. माल दुर्मीळ झाला की परवान्याशिवाय दारू-छर्रे पुरविणारे उगवतात. सरळ मार्गाने टोपी मिळेनाशी झाली की गावठी बॉम्ब आणि विजेच्या उघड्या तारा शेताच्या कडेला येतात. त्यांना रानडुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पहाटे सरपणाला जाणारी बाई किंवा गुरांमागचा पोर त्यात सापडतो. त्या पापात फटाक्याची दारू चोरून विकणाऱ्याचाही वाटा असतो.

शेतकऱ्यानेही ध्यानात ठेवावे की पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुक्कर मारायला अधिकृत वन अधिकाऱ्याची परवानगी लागते. नुकसान झाले की आधी वन खात्याला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. बाप वारला तर त्याची बंदूक माळ्यावर तशीच ठेवू नये. ती जमा करून वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. बापाच्या परवान्यावर मुलाने ठेवलेली बंदूक बेकायदाच ठरते.

कोणी म्हणेल, बंदुका कमी झाल्या तर बरेच आहे, तुम्ही त्यांची बाजू का घेता? बंदुका वाढाव्यात असे आम्हालाही वाटत नाही. पण जी बंदूक सरकारने स्वतः परवाना देऊन शेतकऱ्याच्या हाती दिली, तिची दुरुस्ती आणि तिची सामग्री यांची सरळ वाट सरकारनेच ठेवली पाहिजे. सरळ वाट बंद झाली की आडवाट तयार होते, आणि आडवाटेवर पहिला पकडला जातो तो गरीब कारागीर.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अलिबागच्या जिल्हा प्रशासनाने प्रत्येक तालुक्यात निदान एका होतकरू कारागिराला शिक्षण देऊन दुरुस्तीचा परवाना द्यावा. पीक संरक्षणाच्या परवानाधारकांसाठी टोपी, दारू आणि काडतुसे यांचा ठरावीक साठा जिल्ह्यातच, जाहीर केलेल्या भावाने मिळावा. निवडणुकीच्या वेळी छाननी समितीने पिकाचा हंगाम पाहावा. आणि नुकसानभरपाई इतकी वेळेवर द्यावी की शेतकऱ्याला माळ्याकडे पाहावेच लागू नये. पेण ओलांडून अलिबागच्या खेपा मारण्यात ज्याचे दिवस जातात, त्याचे पीक त्या दिवसांत राखणीवाचून असते, हेही साहेबांनी ध्यानात घ्यावे.

तोपर्यंत खोपोलीच्या त्या लेथवाल्या चाचांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. गिऱ्हाईक नाराज झाले तर उद्या पुन्हा येईल. गेलेली सात वर्षे मात्र परत येत नाहीत.