शेरा आणि गुण

आमच्या थोरल्या पुतण्याचें पाऊल चालतांना जमिनीस घासतें. त्याच्या वडिलांचेंही तसेंच असे, व घरांत त्यास ‘घराण्याची चाल’ म्हणत. परवां डॉक्टरांनीं त्या चालीस नांव दिलें : शार्को-मारी-टूथ रोग. पॅरिसचे शार्को व मारी आणि इंग्लंडांतील टूथ ह्यांनीं तो १८८६ सालीं वर्णिला. ह्यांत हातापायांचे मज्जातंतु बिघडतात. त्यांच्या चेतनेवांचून पोटऱ्यांचे स्नायु झिजतात व त्या जागीं हळूहळू चरबी भरते. पुतण्यास झालेल्या प्रकारांत हा रोग प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा असतो.

“वर्षांत किती वाढला?” असें विचारतां उत्तर मिळालें, “फारसा फरक दिसत नाहीं.” हा झाला शेरा. आम्हीं सारा जन्म वह्यांवर ‘साधारण’ लिहिण्यांत घालविला असल्यामुळें शेऱ्याची किंमत आम्ही जाणून आहों.

परिमाणात्मक एम.आर.आय. मात्र गुण देतो. ह्या यंत्राच्या प्रबळ चुंबकांत पाण्यांतील व चरबींतील हायड्रोजनचे कण किंचित् निराळ्या गतीनें डोलतात. फरक दहा लाखांत सुमारें साडेतीन! त्यामुळें ते क्षणांत एका तालांत, क्षणांत विरुद्ध तालांत येतात. पहिल्या वेळीं घेतलेलें चित्र म्हणजे पाणी अधिक चरबी, दुसरें पाणी उणें चरबी. बेरीज व वजाबाकी दिली असतां मूळ संख्या काढा, हें उदाहरण आम्हीं लहान वर्गांत कितीदां घातलें असेल! डिक्सन ह्यांनीं ही युक्ति १९८४ सालीं मांडली. चुंबकाच्या विषमतेची चूक काढण्यास तिसरें चित्रही घेतात.

लंडनच्या संशोधकांनीं ह्याच रोगाच्या ‘१ अ’ प्रकारचे २० रोगी वर्षाच्या अंतरानें तपासले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत पोटरींतील चरबीचा शेंकडा अंश सरासरी १.२ नें वाढलेला आढळला. मांडींत लक्षांत घेण्याजोगी वाढ नव्हती. इतका सूक्ष्म फरक हातानें जोर अजमावून सांपडणें कठीण. मज्जातंतूंची जाडी व त्यांतील पाण्याची हालचालही मोजतात, पण ते बारीक असल्यानें काम अवघड.

हें सारें ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, औषधच नाहीं, तर आंकडा घेऊन काय करूं?” प्रश्न रास्त होता. आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, उद्यां औषध निघालें तर तें खरें कीं खोटें हें ठरविण्यास दहा वर्षें वाट पाहावी लागूं नये, म्हणून हा आंकडा.

तो कांहीं बोलला नाहीं. सायंकाळीं पाहतों, तों तो अंगणांत बसून धाकट्या मुलीस टांचांवर चालावयास सांगत होता.