इनामुर रहमानांचे मनगट

नबाबी अमदानीत भोपाळात रुजलेला हॉकीचा शौक संस्थान विलीन झाल्यावरही ओसरला नाही, आणि येथील जुन्या रसिकांच्या बैठकीत इनामुर रहमान हे नाव अद्याप आदराने निघते. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील या आघाडीच्या खेळाडूने मनगटाच्या किंचित वळणाने काठी उलटवून प्रतिस्पर्ध्याला एका अंगास झुकवावे आणि चेंडूसह दुसऱ्या अंगाने निसटावे, ही कला, चेंडू केव्हा उसळेल याचा भरवसा नसलेल्या गवती मैदानावर किती दुष्कर होती, हे कृत्रिम हिरवळीवर वाढलेल्या पिढीने अवश्य जाणावे. पदकांच्या दप्तरात अशा चकव्यांची नोंद नसते. म्हणून वृद्ध प्रेक्षकांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे धाडाव्यात, अशी भोपाळकर वाचकांना आग्रहाची विनंती आहे.